लंगर मोफत आहे, तिकिटाचं काय?

नांदेडला आलेला माणूस उपाशी झोपत नाही, असं आम्ही नांदेडकर अभिमानाने सांगतो. ते खरंही आहे. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपास कुठे ना कुठे पंगत बसलेली असते. वाढणारा तुमचं नाव, गाव, जात, धर्म काहीच विचारत नाही. पण या वाक्यात एक अट आहे, ती 'आलेला' या शब्दात. ज्याला नांदेडपर्यंत येणंच परवडत नाही, त्याचं काय?

गेली काही वर्षं शहरातल्या शीख मित्रांबरोबर मी एक छोटं काम करतोय. मराठवाडा-विदर्भातल्या शिकलगार वस्त्यांमधल्या कुटुंबांना हजूर साहिबच्या दर्शनाला आणायचं. याद्या करणं, तिकिटं काढणं, खोल्यांसाठी सांगून ठेवणं एवढाच माझा वाटा. पण मी इतिहासाचा विद्यार्थी, त्यामुळे याद्या करता करता प्रश्न पडतो. गरिबाच्या यात्रेचा खर्च आजवर कोणी उचलला? आणि उचलणाऱ्याने बदल्यात काय मागितलं?

मुघल राज्यात हिंदू यात्रेकरूंना कर भरावा लागे. अकबराने तो १५६३ मध्ये रद्द केला. त्याच सुमारास पंजाबात गोइंदवालला तिसरे गुरू अमरदास यांनी नियम घालून दिला होता, की आधी पंगतीत बसा, मग भेटा. पुढे दसवंधाची प्रथा रुजली. आपल्या कमाईचा दहावा भाग संगतीसाठी द्यायचा. यातली मेख अशी, की पैसा एकदा सामाईक झाला की तो कोणाचा होता हे पुसलं जातं. लंगरात कोणाच्या पैशाने कोणाचं पोट भरलं, हे खाणाऱ्यालाही कळत नाही आणि देणाऱ्यालाही. त्यामुळे ताटावर बसलेल्या माणसाला मान खाली घालावी लागत नाही.

नांदेडची गोष्ट १७०८ ची. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी इथे, गोदावरीच्या काठी, ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं आणि ७ ऑक्टोबरला देह ठेवला. पंजाबपासून इतक्या लांबचं हे ठिकाण शीख पंथाच्या पाच तख्तांपैकी एक झालं. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात इथलं मंदिर बांधून घेतलं, तेही निजामाच्या मुलखात. त्यासाठी उत्तरेतून आलेले कितीतरी जण इथेच राहिले. आज त्यांच्या वंशजांना आपण दखनी शीख म्हणतो. आमच्या बाजारात ते तुमच्या-माझ्यासारखीच मराठी बोलतात.

राजाने मंदिर बांधलं, पण साध्या यात्रेकरूची काळजी घेतली ती साध्या माणसांनी. गुरुद्वारा लंगर साहिबची परंपरा सांगते, की बाबा निधानसिंग नावाचे सेवेकरी पंजाबला परत जायला निघाले होते, नांदेडच्या स्टेशनापर्यंत पोचलेही होते. तिथे त्यांना गुरूंचा दृष्टान्त झाला, की खिसा माझा, हात तुझा. ते माघारी फिरले आणि यात्रेकरूंसाठी लंगर चालू केला. हे वर्ष १९१२ सांगतात. दृष्टान्त मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यातलं स्टेशन महत्त्वाचं वाटतं. नांदेडला रेल्वे येऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती.

पंजाबकडून येणाऱ्याला मात्र मनमाडला उतरून छोट्या रुळांची गाडी धरावी लागे. मनमाडचा गुप्तसर साहिब गुरुद्वारा अशा प्रवाशांचा आधार होता. १९९० च्या दशकात मोठे रूळ आले आणि नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस धावू लागली. तिच्या वाटेवर परभणी, जालना, औरंगाबाद, भोपाळ, नवी दिल्ली अशा स्टेशनांवर सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात. माहीतगार प्रवासी घरूनच डबे घेऊन निघतात. जेवण असं गाडीपर्यंत पोचलं, पण त्या गाडीचं तिकीट प्रत्येकाला आपलंच काढावं लागतं.

त्यात सरकार उतरलं ते अलीकडे. पंजाब सरकारने २०१६ मध्ये तीर्थयात्रेसाठी मोफत गाड्या सोडल्या, २०२३ मध्ये पुढच्या सरकारने अशीच योजना नव्याने आणली. दोन्ही वेळा नांदेडला गाड्या आल्या. कितीतरी म्हाताऱ्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा गोदावरी दिसली, हे मोठंच काम. पण तिथे हिरवा झेंडा असतो, फलक असतो, कॅमेरा असतो. आपल्याला कोणी पाठवलं, हे यात्रेकरूला विसरता येत नाही.

कधी सरकारच उंबरठा उंच करतं. गुरू नानकांनी अखेरची वर्षं शेती करत घालवली, ते कर्तारपूर फाळणीत पाकिस्तानात गेलं. सीमेपासून जेमतेम साडेचार किलोमीटर. ७० हून जास्त वर्षं भाविक अलीकडून हात जोडत होते, पुढे तर दुर्बिणीतून दर्शन घेत होते. ९ नोव्हेंबर २०१९ ला मार्गिका खुली झाली. व्हिसा नको होता, पण पासपोर्ट हवा होता आणि पाकिस्तानला माणशी २० डॉलर शुल्क होतं. पाच जणांच्या घराला नुसतं शुल्कच १०० डॉलर. ज्या गावी नानकांनी सगळ्यांना एका पंगतीत बसवलं, तिथलीच ही गोष्ट.

यात्रेकरू किती एकटा पडू शकतो, हे आम्ही २०२० मध्ये पाहिलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सुमारे चार हजार भाविक नांदेडला अडकले. महिनाभर गुरुद्वाऱ्यांनी त्यांना जेवू घातलं. एप्रिलच्या शेवटी पंजाबने ८० बसगाड्या पाठवल्या. घरी पोचल्यावर हजाराहून जास्त जण बाधित निघाले आणि लागण कुठे झाली यावर दोन राज्यांत वाद पेटला. त्या दिवसांत टीव्हीवर 'नांदेडहून आलेले' ही एक शिवीच झाली होती. दर्शनाला आलेली माणसं आकडा होऊन परतली.

आता शिकलगारांकडे येतो. नावातच धंदा आहे. शिकल करणं म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणं. गुरूंच्या फौजांसाठी आपल्या पूर्वजांनी शस्त्रं घडवली, असं हे शीख शिकलगार सांगतात. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्रकायदा आणला आणि परवान्याशिवाय शस्त्र घडवणं गुन्हा ठरला. ज्या कसबाचा मान होता, त्याचाच संशय येऊ लागला. आज त्यांच्या वस्तीत तवे, कढया, चाळण्या बनतात, किल्ल्या घासल्या जातात. हजूर साहिब इथून एका दिवसाच्या अंतरावर, तरी वस्तीत असे म्हातारे भेटतात ज्यांनी ते कधी पाहिलेलं नाही.

का, तर तिकीट हा त्यांचा छोटा खर्च. मोठा खर्च म्हणजे बुडालेला आठवडी बाजार. अख्खं घर तीन दिवस गेलं की भाता थंड आणि त्या आठवड्याची कमाई गेली. म्हणून आम्ही तारखा सणावर नाही, बाजारावर ठरवतो. बाजार उठला की त्याच रात्री निघायचं आणि पुढच्या बाजाराआधी माल घडवायला दोन दिवस हाताशी राहतील असं परतायचं. खोलीसाठी ओळखपत्र लागतं, म्हणून कागदांचं काम महिनाभर आधी सुरू होतं. कोणाच्या आधारवर नाव चुकलेलं असतं, कोणाकडे काहीच नसतं.

एकदा एका देणगीदाराने मदतीच्या बदल्यात सगळ्या कुटुंबांचा फलकासह फोटो मागितला. वस्तीतल्या एका आजींनी शांतपणे विचारलं, हा फोटो कुणाला दाखवायचाय? कोणालाच उत्तर देता आलं नाही. ती देणगी आम्ही घेतली नाही. त्या खेपेला दोन कुटुंबं कमी आली. हा तोटा मी लपवत नाही, कारण तो त्या दोन घरांनी सोसला, आम्ही नाही. त्यांची नावं पुढच्या यादीत पहिली लिहिली.

तेव्हापासून एक पद्धत पडली आहे. निघण्याआधी वस्तीत एक बंद डबा फिरतो. प्रत्येक घर त्यात आपल्याला जमेल तेवढं टाकतं. कोणी पाचशे टाकतं, कोणी दहाचं नाणं. बाहेरून आलेली मदतही त्याच डब्यात पडते. मग तो उघडायचा, एकूण रक्कम मोजायची आणि सगळ्यांची तिकिटं एकत्र काढायची. कोणी किती टाकले, याची वही आम्ही ठेवत नाही.