पगार आणि पीस स्टेशन

जबलपूरला बदली झाल्याचं कळलं तेव्हा कोर्समेट्सचे फोन आले. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, "नशीबवान आहेस, पीस स्टेशन मिळालं!" आम्हा फौजींच्या जगाचे दोनच भाग असतात, फील्ड आणि पीस. फील्ड म्हणजे सीमा, बर्फ, बंकर. पीस म्हणजे बायको-मुलं, शाळेची बस आणि जबलपूरला असाल तर रविवारी भेडाघाट.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सदर बाजारात गेलो होतो. पुढे एक तरुण जवान फोनवर बोलत चालला होता. बोली सातारकडची. "आये, पगार झालाय. उद्या पैसं टाकतो." मराठी कानावर पडलं म्हणून बरं वाटलं आणि मग तो 'पगार' डोक्यात अडकून बसला. घरी येऊन शब्दकोश काढले. जे सापडलं ते गमतीचं आहे. त्या पोराचा 'पगार' आणि माझ्या मित्रांचा 'पीस' हे दोन शब्द एकाच आईची लेकरं आहेत.

आई म्हणजे लॅटिन भाषेतला 'पाक्स', अर्थ शांतता. त्यावरून क्रियापद झालं 'पाकारे', म्हणजे शांत करणे. पुढे मध्ययुगात व्यवहाराच्या भाषेत त्याचा अर्थ सरकला. सावकार दारात उभा आहे, त्याचं देणं देऊन टाकलं की तो शांत होतो. म्हणून 'शांत करणे' म्हणजे 'देणं चुकवणे'. इटालियनमध्ये त्याचं 'पगारे' झालं, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'पगार'. क चा ग होणं आपल्याला नवीन नाही. संस्कृत 'शाक'चा 'साग' आणि 'काक'चा 'काग' असाच झाला. फ्रेंचांनी तो ग सुद्धा गिळला आणि 'पेये' केलं. फ्रेंचांकडून तो इंग्रजीत गेला आणि 'पे' झाला. इंग्रजी 'पीस'ही त्याच 'पाक्स'पासून फ्रेंच वाटेनेच आला. रोमानियन भाषेत मात्र याच मुळाचा 'अंपाका' हा शब्द आजही समेट घडवून आणणे या अर्थाने वापरतात. तिथे पैशाचा संबंध आलाच नाही.

आपल्याकडे हा शब्द पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आला. गोवा त्यांच्या ताब्यात १५१० पासून, वसई १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेईपर्यंत. चावी, बटाटा, पाव, घमेलं, लिलाव, काडतूस हे शब्द त्याच वाटेने आले. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद आहे, त्याचा अर्थ 'पैसे देणे'. आपण त्याचं नाम केलं आणि महिन्याच्या महिन्याला घरी नेऊ लागलो. वेतन, तनखा, रोजमुरा हे शब्द आपल्याकडे होतेच. पण 'पगार झाला का?' या प्रश्नात जी घरगुती काळजी आहे, ती 'वेतन मिळाले का?' मध्ये येत नाही.

शिपायाच्या पैशाशी जोडलेले आणखीही लॅटिन शब्द आहेत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात 'सोलिडुस' नावाचं सोन्याचं नाणं काढलं. त्यावरून इटालियन 'सोल्दो', जर्मन 'सोल्डाट', पोर्तुगीज 'सोल्दादो' आणि इंग्रजी 'सोल्जर' आले. म्हणजे सोल्जर या शब्दाचा अर्थ मुळात पैसे घेऊन लढणारा. 'सॅलरी'चं मूळ मिठात आहे, पण रोमन शिपायांना पगारात मीठ मोजून देत असत या प्रसिद्ध गोष्टीला जुना भक्कम पुरावा नाही. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्या लोकांना ती आवडते, एवढंच.

'पाकारे'ला मात्र एक दुसरी बाजू आहे आणि फौजीने ती विसरू नये. ज्यूलियस सीझर हा शब्द वापरतो तेव्हा त्याचा अर्थ असतो जिंकून गप्प करणे. गॉल प्रांत त्याने असाच 'शांत' केला. म्हणजे शांत करायचे दोन मार्ग एकाच शब्दात आले, एक तलवारीचा आणि दुसरा ज्याचं त्याला देण्याचा.

दुसरा मार्ग चुकला की काय होतं, हे मराठी फौजांना चांगलं ठाऊक होतं. पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत अशा धरण्यांची वर्णनं केली आहेत. शत्रू समोर नसतानाही त्या छावणीत शांतता नव्हती.

आणि हे आमचं जबलपूर! मुंबईचा नौसैनिकांचा उठाव १८ फेब्रुवारी १९४६ ला सुरू झाला, तो सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर नऊच दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, जबलपूरला सिग्नल्सचे सुमारे १,७०० जवान बराकींबाहेर पडले, हे फार थोड्यांना माहीत असतं. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, ही मागणी होतीच. पण त्याबरोबर पगार, रेशन आणि गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीची वागणूक याही मागण्या होत्या. महायुद्ध संपलं होतं, जगात शांतता आली होती, आणि ती आणायला राबलेल्या माणसांचा हिशेब मात्र बाकी होता. पुढे काहींना तुरुंगवास झाला, अनेकांना पेन्शनविना घरी पाठवलं. या छावणीतल्या रस्त्यांवरून सकाळी पळताना मला ते आठवतात.

आता पगार थेट बँकेत जमा होतो. मी लेफ्टनंट असताना तो रोख वाटायचो. टेबलावर ब्लँकेट, त्यावर नोटांची बंडलं आणि शेजारी ॲक्विटन्स रोल. जवान येणार, सॅल्यूट करणार, नोटा मोजणार, सही करणार. 'ॲक्विटन्स'च्या मुळाशीही लॅटिन 'क्विएतुस', म्हणजे शांत, हाच शब्द आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा संध्याकाळी हिशेबात पाचशे रुपये कमी भरले. तीन वेळा मोजलं, घाम फुटला. शेवटी स्वतःच्या खिशातून भरले आणि गप्प बसलो. रात्री साडेदहाला एक नाईक दारात आला. हातात पाचशेची नोट.

"साहेब, दोन नोटा चिकटून आल्या होत्या. झोप लागंना."

मी म्हणालो, "सकाळी दिली असतीस तरी चाललं असतं."

"तुम्हालाबी लागली नसती, साहेब."

त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो.

जय हिंद!