वृत्तलेखाचे शिक्षण आणि तालुक्याचे गाव : राजगुरुनगर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्याला बातमी लिहिणे तुलनेने लवकर साधते. काय, कोठे, केव्हा, कोण, का आणि कसे या सहा प्रश्नांची उत्तरे महत्त्वाच्या क्रमाने मांडली की बातमीचा सांगाडा उभा राहतो. वृत्तलेखाचे, म्हणजेच वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत ज्याला सरसकट 'फीचर' म्हटले जाते त्या लेखाचे, तसे नाही. त्याला ठरीव आराखडा नाही. त्याला वेळ लागतो, पायपीट लागते आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांचा विश्वास लागतो. हा लेखनप्रकार वर्गात शिकवता येतो काय, हा प्रश्न या विषयाच्या अध्यापनाइतकाच जुना आहे. पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, पुणे-नाशिक महामार्गावर वसलेल्या राजगुरुनगरसारख्या गावातील विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याला आणखी एक बाजू आहे. ज्या परिसरावर लिहायचे तो परिसर एका बाजूला आणि लिहायला शिकवणारी संस्था दुसऱ्या बाजूला, अशी येथील दीर्घकाळची स्थिती राहिली आहे. या दोहोंतील अंतराचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिक्षणापूर्वीचे शिक्षण

मराठीत वृत्तलेख आधी आला आणि त्याचे शिक्षण पुष्कळ नंतर आले. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, त्या वेळी वृत्तपत्र म्हणजे ज्ञानप्रसाराचे साधन अशीच धारणा होती. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मधून १८४८पासून गोपाळ हरी देशमुख यांनी 'लोकहितवादी' या नावाने लिहिलेली 'शतपत्रे' मात्र निराळ्या जातीची आहेत. त्यांत बातमी नाही आणि आजच्या अर्थाने संपादकीयही नाही. समोरच्या समाजाचे निरीक्षण, त्यावर केलेली थेट टीका आणि पत्राचा घरगुती सूर यांचे ते मिश्रण आहे. पत्र हा मराठी वृत्तलेखाचा पहिला साचा होता, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे 'केसरी' (१८८१) व 'सुधारक' (१८८८) यांच्या काळात निबंधाने पत्राची जागा घेतली. निबंध लिहिणारा मोठा, वाचणारा शिकणारा, हे नाते त्यामुळे दृढ झाले. ज्याच्याविषयी लिहिले जाई, त्या शेतकऱ्याला वा कामगाराला स्वतःच्या शब्दांत बोलण्यास या निबंधात फारशी जागा नव्हती.

ती जागा बहुजन समाजाच्या पत्रांनी निर्माण केली. कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये 'दीनबंधु' काढले. त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१०पासून तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोमठाणे व नंतर तरवडी या खेड्यांतून 'दीनमित्र' हे साप्ताहिक चालविले आणि ते १९६७पर्यंत चालले. छापखाना, लेखक आणि वाचक हे तिन्ही खेड्यात असणारे पत्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकले, ही घटना मराठी पत्रकारितेच्या इतिहासात जेवढी नोंदली जावयास हवी होती तेवढी नोंदली गेलेली नाही. खेड्यात राहून खेड्याविषयी लिहिणे अशक्य आहे, त्यासाठी शहराच्या कचेरीतच बसावे लागते, या समजुतीला हे मोठे उत्तर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. आपले म्हणणे आपणच लिहिले पाहिजे, हा विचार त्याच्या नावापासूनच दिसतो.

वाचकाचे रंजन हे वृत्तपत्राचे उघड उद्दिष्ट मानण्याचे धाडस अच्युतराव कोल्हटकरांच्या 'संदेश'ने (१९१५) केले. हलक्याफुलक्या सदरांना त्यांनी वृत्तपत्रात प्रतिष्ठा दिली; गंभीर मंडळींनी नाके मुरडली, पण खप वाढला. 'किर्लोस्कर' मासिकाची वाट निराळी होती. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे खबरपत्र म्हणून १९२०मध्ये सुरू झालेले हे प्रकाशन शंकरराव किर्लोस्करांनी सर्वसामान्य वाचकांच्या मासिकात रूपांतरित केले. यंत्रे, उद्योग, प्रवास, स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली माणसे हे विषय साध्या गद्यात आले. कारखान्याच्या आवारात मराठी वाचनीय गद्याची एक शाळा निघाली, ही गोष्ट पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याचा विचार करताना आठवल्यावाचून राहत नाही.

'सकाळ' आणि गावोगावचा वार्ताहर

डॉ. ना. भि. परुळेकर यांनी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला. मतापेक्षा बातमी महत्त्वाची, आणि बातमी म्हणजे केवळ सभा-भाषणे नव्हेत तर बाजारभाव, पाणी, रस्ते, शाळा हेही होय, ही त्यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांनी गावोगावी वार्ताहर नेमण्यावर भर दिला. पुणे जिल्ह्यातील तालुक्यांच्या दृष्टीने ही फार मोठी घटना आहे. तालुक्याचे गाव प्रथमच नियमितपणे छापील मजकुरात येऊ लागले.

परंतु या व्यवस्थेची मर्यादाही तिच्या रचनेतच होती. मराठी वृत्तपत्रसृष्टीत तालुक्याचा वार्ताहर हा बहुधा पूर्णवेळ पत्रकार नसतो. तो शिक्षक असतो, दुकानदार असतो, पुष्कळदा वृत्तपत्राचा विक्रेता आणि जाहिराती मिळवणाराही तोच असतो. त्याने पाठविलेली आठ ओळींची बातमी छापली जाते. त्याच विषयावर आठशे शब्दांचा लेख लिहावयाचा झाला तर शहरातून कोणी तरी येतो, एक दिवस थांबतो आणि लिहून जातो. वार्ताहराकडे माहिती असते, पण लेखाची जागा नसते. पाहुण्याकडे जागा असते, पण माहिती एका दिवसाची असते. राजगुरुनगर व चाकण परिसरावरील बऱ्याच लेखनात जो उथळपणा जाणवतो, त्याचे मूळ व्यक्तींच्या उणिवेपेक्षा या विभागणीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

वर्गातील वृत्तलेख

भारतात पत्रकारितेच्या शिक्षणाचा पहिला प्रयत्न १९२०मध्ये अड्यार येथे ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने झाला. अलिगढचा प्रयोग १९३८चा. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१मध्ये विभाग सुरू झाला. ज्या शहरात खेडच्या शिवराम हरी राजगुरू यांना दहा वर्षांपूर्वी फाशी देण्यात आली होती, तेच हे शहर. आजच्या महाराष्ट्रापुरते पाहिले तर नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचा मान पहिला. तेथे १९५२मध्ये अमेरिकेच्या सिरॅक्यूज विद्यापीठातील प्राध्यापक रोलंड वूल्झली हे फुलब्राइट व्याख्याते म्हणून आले आणि विभागाची घडी बसली. न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगानेही (१९५२-५४) पत्रकारांच्या प्रशिक्षणाची गरज विचारात घेतली. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४मध्ये सुरू झाला. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत तो असल्याने सर्वांच्या तोंडी 'रानडे' हेच नाव राहिले.

या शिक्षणाने शिस्त दिली, यात शंका नाही. माहिती दोन ठिकाणांहून पडताळणे, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे ठेवणे, संख्या कोठून आली ते सांगणे, या सवयी वर्गातच लागतात. परंतु तिची परिभाषा आणि तिचे नमुने मुख्यतः इंग्रजी राहिले. 'इंट्रो', 'लीड', 'अँगल' हे शब्द मराठी विद्यार्थ्याने जसेच्या तसे घेतले. त्यांतून एक साचाही आला: आरंभी एखाद्या व्यक्तीचे चित्र, मग समस्या, मग तज्ज्ञाचे मत, मग आकडेवारी आणि शेवटी पुन्हा तीच व्यक्ती. नवशिक्याला हा साचा आधार देतो. तो सुटला नाही तर मात्र प्रत्येक गाव सारखेच दिसू लागते.

मराठीतील उत्कृष्ट वृत्तलेखन याच सुमारास वर्गाबाहेर घडत होते. श्री. ग. माजगावकर यांनी १९६१मध्ये पुण्यात 'माणूस' सुरू केले आणि नव्या लेखकांना लांबीची चिंता न करता लिहू दिले. अरुण साधू यांची चीनवरील लेखमाला येथलीच. वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या अनिल अवचट यांनी बिहारमधील पूर्णिया जिल्हा पाहून लिहिलेले 'पूर्णिया' १९६९मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांनी वृत्तपत्रविद्येचा कोणताही अभ्यासक्रम पूर्ण केलेला नव्हता. त्यांची पद्धत सांगण्यास सोपी आणि आचरण्यास कठीण आहे: जावे, थांबावे, विचारावे, गप्प राहून ऐकावे आणि जे दिसले ते लहान वाक्यांत लिहावे. 'माणसं' (१९८०) मधील श्रमिकांवरील लेख आजही अध्यापनास उपयुक्त आहेत, कारण त्यांत कामाची प्रक्रिया बारकाईने येते. ओझे कसे उचलले जाते, मजुरी कशी मोजली जाते, कापली कशी जाते, हे त्यात कळते. दुःखाची विशेषणे कमी आणि दुःखाचे हिशेब अधिक, असे हे गद्य आहे.

या दोन धारा पुढे एकत्र आल्या. 'माणूस'च्या परंपरेतील अरुण साधू यांनी पुणे विद्यापीठाच्या विभागाचे प्रमुखपद काही वर्षे सांभाळले, ही घटना म्हणूनच अर्थपूर्ण आहे. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या (१९८९) वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासक्रमांमुळे नोकरी वा शेती सांभाळणाऱ्यांनाही हे शिक्षण खुले झाले. अर्थात पुस्तक घरपोच आले तरी लेखावर तांबडी शाई चालवणारा संपादक घरपोच येत नाही. वृत्तलेख शिकण्याचा मोठा भाग त्या शाईतच असतो.

परिसर हेच पाठ्यपुस्तक

राजगुरुनगरच्या विद्यार्थ्यापुढे विषयांची वाण कधीच नव्हती. २३ मार्च आला की हुतात्मा राजगुरूंवर लेख लिहिणे हा येथील जणू पहिला धडा. जन्म २४ ऑगस्ट १९०८, साँडर्स वध १७ डिसेंबर १९२८, फाशी २३ मार्च १९३१ हा तपशील सर्वांना पाठ आहे. पण भगतसिंगांच्या तुलनेत राजगुरूंचे स्वतःचे लिखाण जवळजवळ उपलब्ध नाही. साहजिकच विशेषणांनी जागा भरली जाते. शिव वर्मांसारख्या सहकाऱ्याने लिहिलेल्या आठवणींकडे वळले तर मात्र चेष्टामस्करी करणारा, हट्टी, जिवंत तरुण भेटतो. साधनांची टंचाई असलेल्या विषयावर कसे लिहावे, याचा यापेक्षा चांगला वस्तुपाठ शोधून सापडणार नाही. भगतसिंगांनी स्वतः कानपूरला गणेश शंकर विद्यार्थी यांच्या 'प्रताप'मध्ये लेखनाची उमेदवारी केली होती, हेही अशा विद्यार्थ्यास सांगितले पाहिजे.

दुसरा विषय जमिनीचा. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१चा. त्याखालील महामंडळ १९६२चे. पिंपरी-चिंचवडनंतर १९९०च्या दशकापासून चाकणचा पट्टा विस्तारत गेला आणि २००९च्या सुमारास परदेशी मोटार कंपन्यांचे मोठे कारखाने तेथे सुरू झाले. कनेरसर, निमगाव, दावडी परिसरात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी भूसंपादन झाले आणि शेतकऱ्यांना द्यावयाच्या परताव्याच्या जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. या घडामोडींच्या बातम्या विपुल आहेत. कोणत्या मंत्र्याने काय आश्वासन दिले, मोर्चा कोठे अडला, हे सारे छापून आले. परंतु सातबारावरील 'इतर हक्क' या रकान्यात बहिणींची नावे असलेल्या कुटुंबात मोबदल्याची वाटणी कशी झाली, मोबदला संपल्यावर काय उरले, कांद्याच्या वखारीच्या जागी भाड्याच्या खोल्या कशा उभ्या राहिल्या आणि त्या खोल्यांत मराठवाड्यातून, बिहारमधून आलेले कंत्राटी कामगार पाळ्यांप्रमाणे एकच अंथरूण कसे वापरतात, हे बातमीत मावत नाही. तो वृत्तलेखाचा प्रांत आहे, आणि तो लिहिण्यासाठी सातबारा, फेरफार व भूसंपादनाची अधिसूचना वाचता येणे हे शैलीइतकेच आवश्यक आहे.

बैलगाडा शर्यतींचा विषय याहून अवघड. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. खेड, जुन्नर, आंबेगाव भागात यात्रा आणि घाट यांचे नाते घट्ट आहे. येथील विद्यार्थी हा विषय आतून जाणतो. घाट कसा बांधतात, बारी म्हणजे काय, बैलाच्या खुराकावर घर किती खर्च करते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. अडचण नेमकी तेथेच आहे. जे आपल्याला ठाऊक आहे ते वाचकाला ठाऊक नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आणि बैलाला होणाऱ्या इजेविषयी आपल्याच गावात प्रश्न विचारणे त्याला जड जाते. शहरातून आलेल्या लेखकाला हा संकोच नसतो, कारण त्याला दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बसायचे नसते. गावातच राहून लिहिणाऱ्याने छापून आलेल्या प्रत्येक वाक्याचा जाब चहाच्या टपरीवर द्यावयाचा असतो. मुकुंदराव पाटलांनी तरवडीत तो अनेक दशके दिला.

१८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये खेडचे वर्णन आहे. दिलावरखानाची कबर व मशीद त्यात आहे, बाजार आहे, नदी आहे. चाकणचा किल्लाही आहे, जो १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला. इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या देशी साहाय्यकांनी केलेले हे वर्णन महसुलाच्या सोयीसाठी होते, तरीही आज संदर्भासाठी प्रथम तेच उघडले जाते. त्यानंतरच्या खेडचे, म्हणजे धरण आले, महामार्ग रुंदावला, कारखाने आले, त्या खेडचे सलग वर्णन वृत्तपत्रांच्या स्थानिक पुरवण्यांत विखुरलेले आहे. या पुरवण्यांचे जुने अंक ग्रंथालयांतून क्वचितच बांधून ठेवले जातात. बहुधा वर्षाअखेरीस ते रद्दीत जातात.