हे खरे आहे काय?

गेल्या दिवाळीत अमरावतीच्या घरी माळा आवरायला घेतला. दरवर्षी घेतो आणि दरवर्षी अर्धवट सोडतो. यंदा निदान बाबांची लोखंडी पेटी तरी उघडायचीच असं ठरवलं होतं. वर शाळेचे हजेरीपट, खाली पंचांगं, आणि तळाशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा. प्राध्यापक संघटनेची जुनी बुलेटिनं. बारीक, दाट छपाई, चित्र नाही, चौकट नाही. पानंच्या पानं विधान परिषदेतलं कामकाज. आणि समासात बाबांनी लाल पेन्सिलीने केलेल्या बेरजा!

बाबा गणिताचे शिक्षक. छापलेला आकडा दिसला की तपासल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. किराण्याचं बिल असो की सरकारचं उत्तर, नियम एकच.

ज्यांना या प्रकाराची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या विधिमंडळात प्रश्न विचारायची एक ठरलेली भाषा आहे. आमदार "अमुक का झालं नाही?" असं विचारत नाही. तो विचारतो, "(१) हे खरे आहे काय? (२) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" मंत्र्यांची उत्तरंही तशीच ठरलेली. "हे अंशतः खरे आहे." "बाब शासनाच्या विचाराधीन आहे." "माहिती गोळा करण्यात येत आहे." आणि सगळ्यात लाडकं उत्तर, "प्रश्न उद्भवत नाही."

लहानपणी आम्ही भावंडं याची नक्कल करायचो. "भांडी घासली नाहीत, हे खरे आहे काय?" "अंशतः खरे आहे." आई वैतागायची, बाबा हसायचे. पण बुलेटिन वाचताना मात्र ते हसत नसत.

त्या पानांवर सगळ्यात जास्त वेळा येणारं नाव म्हणजे प्रा. बी. टी. देशमुख. आमच्याकडे आता बीटी म्हटलं की कापसाचं बियाणं आठवतं, पण त्याआधी बीटी म्हणजे देशमुख सर. अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी तीस वर्षं विधान परिषदेत. वरच्या सभागृहातला आमदार सरकार पाडू शकत नाही, अर्थसंकल्पही अडवून धरू शकत नाही. त्याच्या हातात खरं हत्यार एकच, प्रश्न. तारांकित प्रश्न, त्यावरचे उपप्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, आणि मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही हे बघणारी आश्वासन समिती. सरांच्या या तीस वर्षांतला मोठा भाग एकाच शब्दामागे गेला. अनुशेष.

आता या शब्दाचा इतिहास. कंटाळू नका, मजेशीर आहे.

२८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. मराठी भाषकांचं एक राज्य व्हायचं तर विदर्भ आणि मराठवाड्याला काय मिळणार, याचा तो लेखी सौदा. सही करणाऱ्यांत यशवंतराव चव्हाणही होते. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करायचा, मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यायचं, याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा, आणि ठरावीक काळ सरकारने नागपूरला मुक्काम हलवून वर्षातून एक तरी अधिवेशन तिथे घ्यायचं. लोक हिवाळी अधिवेशनाला संत्र्यांची सहल म्हणून हिणवतात, पण त्याचं मूळ असं एका वचनात आहे. थोडक्यात, सरकारने वर्षातून एकदा आमच्या दाराशी यायचं आणि आम्ही विचारायचं, हे खरे आहे काय?

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने तर विदर्भाचं वेगळं राज्यच सुचवलं होतं. ते झालं नाही. त्याऐवजी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (२) आलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगवेगळी विकास मंडळं, त्यांच्या कामाचा दरवर्षी विधानसभेपुढे अहवाल, निधीचं समन्यायी वाटप, आणि या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर. छानच की! पण कलमात मेख अशी की राष्ट्रपतींना असा आदेश काढता 'येईल'. काढावाच लागेल असं नाही. या एका क्रियापदात ३८ वर्षं गेली.

मधल्या काळात विदर्भात आंदोलनं कमी झाली नाहीत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठासाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९६९ मध्ये ते विद्यापीठ झालं. पण "आमच्यावर अन्याय झाला" असं नुसतं म्हटलं की समोरून तयार उत्तर यायचं, "किती झाला, ते सांगा." आणि किती, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

१९८३ मध्ये सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुण्याचा माणूस विदर्भाचं काय मोजणार, असंही बोललं गेलं असणार. दांडेकरांनी युक्तिवाद बाजूला ठेवला आणि फूटपट्टी घेतली. जिल्हा हा घटक. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास, पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रं. प्रत्येकात राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा सरासरीच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात एकूण आकडा आला ३१८६.७८ कोटी रुपये. विदर्भ १२४६.५५, मराठवाडा ७५०.८५, उर्वरित महाराष्ट्र ११८९.३८.

बाबांनी समासात या तिन्हींची बेरीज केली होती. मी मोबाईलवर पुन्हा केली. जुळली.

पुण्यातले माझे मित्र "तुमचा विदर्भ अजून किती मागणार?" असं विचारतात, तेव्हा मी त्यांना तिसरा आकडा दाखवते. उर्वरित महाराष्ट्राचाही अनुशेष होता, आणि तो मराठवाड्यापेक्षा मोठा होता. दांडेकरांची फूटपट्टी कोणाच्या बाजूची नव्हती. म्हणूनच ती नाकारणं अवघड गेलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये विधिमंडळाने विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला. मंडळं प्रत्यक्षात आली १ मे १९९४ पासून. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजणी केली, तर १ एप्रिल १९९४ चा आकडा निघाला १४,००६.७७ कोटी. विदर्भाचा त्यात ६६२४.०२ कोटी. म्हणजे पूर्वी सुमारे ३९ टक्के असलेला विदर्भाचा वाटा ४७ टक्क्यांच्या वर गेला. उधारी फेडायच्या काळात उधारीच वाढली, असा त्याचा साधा अर्थ.

२००१ पासून राज्यपाल निधीवाटपाचे निर्देश देऊ लागले. ते शासनावर बंधनकारक आहेत, असं २००८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं. यावर एक आक्षेप असतो आणि तो मला अगदीच चुकीचा वाटत नाही. पैसा कुठे जावा हे निवडून आलेल्यांनी ठरवायचं की राजभवनाने? पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी १९५६ ते १९९४ मधलं काहीतरी दाखवायला हवं. आमदारांच्या हाती सगळं होतं तेव्हा अहवाल तरी कुठे येत होता?

बुलेटिनांतून मला जे कळलं ते असं. प्रश्नाने लगेच धरण होत नाही. पण मंत्र्याला सभागृहात आकडा सांगावा लागतो, तो छापला जातो, आणि पुढच्या वर्षी तोच आकडा हातात धरून दुसरा प्रश्न विचारता येतो. गेल्या वर्षी इतके म्हणालात, यंदा इतके कसे? खर्च झाला म्हणता, तर तो कोणत्या जिल्ह्यात? आरडाओरडा दुसऱ्या दिवशी विरून जातो. छापील उत्तर पेटीच्या तळाशी पडून राहतं. मी एकदा बाबांना विचारलं होतं, एवढे प्रश्न विचारून मिळतं काय? ते म्हणाले, "उत्तर नाई भेटलं तरी आकडा त भेटला!"

आता बाबांच्या या म्हणण्याची दुसरी बाजू, कारण ती लपवली तर लिहिणं खोटं होईल.

माझ्या मामाचं शेत दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण खारट. पिकाला घालता येत नाही. अशा ठिकाणी पाऊस किंवा बाहेरून आलेलं धरणाचं पाणी, तिसरा मार्ग नाही. मामाला मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की १९९४ चा आर्थिक अनुशेष कागदोपत्री भरून निघाला. मामाने तुरीच्या शेंगा सोलता सोलता विचारलं, "मंग पानी कुठं हाये?"

खरं आहे. पैसे खर्च झाले म्हणजे आर्थिक अनुशेष संपतो. पाणी शेतात आलं तरच भौतिक अनुशेष संपतो. आणि सिंचनाचा भौतिक अनुशेष अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या आमच्याच चार जिल्ह्यांत शिल्लक राहिला. तिकडे पूर्व विदर्भात गोसीखुर्दचं बघा. भूमिपूजन १९८८ चं, मूळ किंमत ३७२ कोटी, आणि २०१६ मध्ये सुधारित किंमत १८,४९४ कोटी. रुपयांत मोजलं तर असा प्रकल्प प्रगतीच वाटेल! म्हणून नुसता आकडा भेटून भागत नाही. कसला आकडा, हेही विचारावं लागतं. बाबांच्या लाल पेन्सिलीला हे माहीत असावं. एका पानावर 'कोटी' या शब्दाभोवती गोल करून त्यांनी बाजूला लिहिलंय, 'हेक्टर?'

२०१० च्या निवडणुकीनंतर सर सभागृहात नव्हते. ३० एप्रिल २०२० ला विकास मंडळांची मुदत संपली. १ मार्च २०२१ ला विधानसभेत सुधीर मुनगंटीवार यांनी मंडळांबद्दल विचारलं. त्यावर उपमुख्यमंत्री अजित पवारांनी सांगितलं की राज्यपालांनी बारा आमदारांची नावं जाहीर केली की त्याच दिवशी मंडळंही जाहीर करू. देवेंद्र फडणवीस त्यावर संतापले. कोण बरोबर, कोण चूक, यावर आमच्या घरातच दोन तट आहेत, त्यात शिरत नाही. पण ती बातमी वाचताना मला वाटलं, सत्तर वर्षांपूर्वीच्या वचनाचं हे काय झालं? दोघांच्या भांडणात विदर्भ-मराठवाड्याचा हिशेब ओलीस. पुढे सरकार बदललं आणि २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णयही घेतला. पण मोजणारा थांबला की तेवढ्या काळाचा आकडा तयार होत नाही. आणि आकडा नसला की आमदाराने कितीही कळकळीने विचारलं, तरी उत्तर ठरलेलं. माहिती गोळा करण्यात येत आहे.

असो. माळा यंदाही अर्धवटच राहिला. गठ्ठा मात्र पुण्याला घेऊन आलेय. काकांनी रद्दीत घालायला सांगितला होता. काका, घातलेला नाही, हे खरे आहे. विलंबाची कारणे वर दिली आहेत.