अपायकारक वस्तूंवरील कर आणि रोगप्रतिबंधाचा निधी

बंगळुरू : तंबाखू, मद्य यांसारख्या अपायकारक वस्तूंवरील वाढीव कराचे दोन हेतू सांगितले जातात : किंमत वाढवून सेवन घटविणे आणि मिळालेल्या महसुलातून रोगप्रतिबंध साधणे. भारतात दुसरा हेतू अद्याप अपुराच राहिला आहे.

1 जुलै 2017 पासून तंबाखू, पानमसाला आणि वायुयुक्त शीतपेयांवर लागू झालेला भरपाई उपकर आरोग्यासाठी नव्हता. जीएसटीमुळे राज्यांच्या महसुलात येणारी तूट भरून काढण्यासाठी होता. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने पानमसाला उत्पादनासाठी नवा उपकर मंजूर केला. त्याचे उत्पन्न मात्र सार्वजनिक आरोग्य आणि राष्ट्रीय सुरक्षा या दोन्ही कारणांसाठी आहे.

सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे विषय राज्यसूचीत येतात. बंगळुरूतील किदवई स्मारक कर्करोग संस्थेसारख्या रुग्णालयांचा भार कर्नाटक उचलते. परंतु संविधानाच्या अनुच्छेद 270 नुसार उपकर करवाटपातून वगळलेले असल्याने त्यात राज्याला हक्काचा वाटा नाही.

थायलंडने 2001 मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे मद्य व तंबाखूवरील उत्पादन शुल्काच्या 2 टक्के अधिभार थेट आरोग्यसंवर्धन निधीत जमा होतो. सेवन घटल्यास असे उत्पन्नही घटू शकते. म्हणून तो एकमेव आधार ठरत नाही.

मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असून त्यावरील उत्पादन शुल्क कर्नाटक स्वतः आकारते. त्यातील ठरावीक हिस्सा प्रतिबंधासाठी राखून ठेवण्याचा निर्णय राज्याच्याच हाती आहे.