वऱ्हाडांतील बायबलवाचन आणि त्याचीं अस्सल साधनें

वऱ्हाड हा पोथ्यांचा प्रांत आहे, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ऋद्धिपूरच्या परिसरांत महानुभावांनीं आपल्या गुरूचीं वचनें लोकभाषेंत जपलीं, सांकेतिक लिप्यांच्या आड दडविलीं, आणि राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांच्या पिढीनें त्या लिप्यांची उकल करीपर्यंत तें धन बाहेरच्या जगास अज्ञात होतें. पुढें यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्यांनीं गांवोगांव हिंडून बाडें मिळविलीं. याच प्रांतांत गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत दुसरी एक वाचनपरंपरा रुजली, ती मराठी बायबलाची. तिच्याकडे मात्र संग्राहकांची दृष्टि बहुधा गेलेली नाहीं. छापील पुस्तक तें हस्तलिखित नव्हे, आणि मिशनचा विषय तो आमच्या इतिहासाचा नव्हे, अशा दोन समजुती या उपेक्षेच्या मुळाशीं आहेत. दोन्ही तपासून पाहण्याजोग्या आहेत. या ग्रंथाच्या अभ्यासानें अमरावती-अकोल्याकडील सामान्य कुटुंबाचा नित्याचा आचार कसा घडला हें छापील पानांवरून कळत नाहीं. तें त्या पानांभोंवतीं हातानें लिहिलेल्या मजकुरावरून कळतें, आणि तोच मजकूर आज नष्ट होत आहे, एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम छापील ग्रंथाचा वृत्तांत थोडक्यांत पाहूं. बायबलांतील कथा मराठींत प्रथम आणली ती फादर स्टीफन्स यांनीं, गोमंतकांत, १६१६ सालीं छापलेल्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणांत. परंतु गद्य भाषांतराचा उगम महाराष्ट्राबाहेर, कलकत्त्यानजीकच्या श्रीरामपुरास झाला. तेथें विल्यम केरी यांनीं वैजनाथ पंडितांच्या साह्यानें मराठीचें काम आरंभिलें. मराठी व्याकरण व मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ सालीं निघालें, कोश १८१० सालीं, नवा करार १८११ सालीं, आणि जुना करार १८२० च्या सुमारास पुरा झाला. वैजनाथ हे नागपूरकडील होते असें सांगतात. त्याच छापखान्यांतून १८१४ ते १८१६ या अवधींत सिंहासनबत्तिशी, हितोपदेश व रघुजी भोसल्यांची वंशावळी हीं पुस्तकें बाहेर पडलीं, यावरूनहि या मंडळींचा नागपूर दरबाराशीं असलेला संबंध ध्यानीं येतो. नव्या करारास टंक घेतला तो मोडीचा. कारण कारकून, कुळकर्णी व सावकार यांच्या हातांतली ती रोजची लिपि होती. म्हणजे पहिलें छापील मराठी बायबल लिपीनें दप्तराचें व भाषेनें पूर्वेकडील मराठीचें होतें. वऱ्हाडास तें परकें वाटण्याचें कारण कमी होतें.

परंतु घडलें तें वेगळें. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले. श्रीरामपूरची भाषा कोंकण-देशाकडील वाचकांस उमजेना, म्हणून अमेरिकन मिशननें स्वतंत्र भाषांतर हातीं घेतलें. त्यांचा नवा करार १८२६ सालीं पुरा झाला. त्याच सालीं हॉल पटकीनें वारले. सबंध बायबल १८४७ च्या सुमारास लोकांच्या हातीं आलें. त्यावर पुढें अनेक संस्करणें झालीं, आणि बाबा पदमनजी यांच्यासारख्या एतद्देशीय विद्वानांनीं नव्या करारावर टीका लिहून वाचकाची वाट सुगम केली. लिपि बालबोध झाली, भाषा मुंबई-पुण्याच्या शिष्ट वळणाची झाली. श्रीरामपूरची मोडी प्रत मागें पडली. आज ती कोणाच्या संग्रहीं असेल तर तिचें मोल केवळ दुर्मिळतेचें नव्हे. पूर्वेकडील मराठी गद्याचा तो एक आरंभीचा नमुना आहे.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. १८५३ च्या तहानें निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या कारभारांत दिला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली, आणि कापसाच्या पेठांबरोबर अमरावती, अकोला, खामगांव हीं नांवें दूरवर गेलीं. त्याच लोहमार्गानें मिशनेंहि आलीं. १८८० नंतरच्या दशकांत अकोल्यास फुलर दांपत्याचें काम चालू झालें. पुढें तें अलायन्स मिशनच्या नांवें अमरावती, अकोला व बुलढाण्याकडे पसरलें. यांपैकीं जेनी फुलर यांनीं हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेलें इंग्रजी पुस्तक १९०० सालीं प्रसिद्ध झालें व त्याच सालीं त्या वारल्या. यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट मिशन होतें. तेथेंच १९५३ सालीं युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली व १९८३ सालीं ती पुण्यास गेली.

या मंडळ्यांच्या इतिहासांत सर्वांत मोठी खूण आहे ती १८९९-१९०० च्या दुष्काळाची. वऱ्हाडांत पाऊस हमखास, तेथें दुष्काळ पडावयाचा नाहीं, अशी समजूत होती. ती त्या सालानें मोडली. १८९१ च्या खानेसुमारींत प्रांताची लोकसंख्या सुमारें २८ लक्ष ९७ हजार होती. १९०१ सालीं ती २७ लक्ष ५४ हजार भरली. हीं दोन अंकांमधली तूट म्हणजे किती उजाड घरें, याचा हिशेब कोणत्याहि दप्तरांत नाहीं. जीं मुलें उरलीं त्यांतील कांहीं अकोला व खामगांव येथील अनाथगृहांत आलीं, आणि तेथें अक्षरओळखीबरोबर बायबल त्यांच्या हातीं पडलें.

येथें एक योग लक्षांत घेण्यासारखा आहे. ग्रियर्सन यांनीं १८९४ पासून हिंदुस्थानांतील भाषांची पाहणी चालविली. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यांनीं एकच कथा सर्वत्र लिहून मागविली, ती लूकच्या शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राची. मराठीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला, आणि त्यांत वऱ्हाडी बोलीचेहि नमुने आहेत. घरोघर बोलली जाणारी वऱ्हाडी, तिचें 'मले', 'तुले', तिचा ळकाराचा यकार, हीं शास्त्रीय रीतीनें छापलीं गेलीं तीं बहुतांशीं या बायबलकथेच्या निमित्तानें. आणि कथा तरी कोणती? बापाचें घर सोडून गेलेला मुलगा परमुलखांत दुष्काळांत सांपडतो, उपाशी मरूं लागतो, आणि शेवटीं घराची वाट धरतो. भाषापंडितास ती विभक्तिप्रत्ययांचा नमुना म्हणून सोयीची वाटली. पण ज्या काळांत हे नमुने जमत होते त्याच काळांत वऱ्हाडांतील मूल ती कथा ऐके, तेव्हां दुष्काळ हा शब्द त्यास समजावून सांगावा लागत नसे. फरक एवढाच कीं कथेंतल्या मुलास परतावयास घर होतें.

बायबलाचा अभ्यास म्हणजे केवळ पाठांतर नव्हे, तर वचन आणि आपलें जिणें यांची सांगड घालणें, ही गोष्ट अशा ठिकाणीं स्पष्ट होते. प्रभूच्या प्रार्थनेंत रोजच्या अन्नाची मागणी आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ रोटी किंवा पाव असा. मराठी भाषांतरकारांनीं तेथें 'भाकर' हा शब्द योजला. ज्वारीच्या या मुलखांत त्या एका शब्दानें प्रार्थना देवळांतून उठून चुलीपाशीं आली. तशीच गोष्ट पेरणारा, निंदण, मळणी व मजुरीचे दाम यांच्या दृष्टांतांची. शेतमजूर श्रोत्यास त्यांचें विवरण पंडितापेक्षां चांगलें करतां येई. मजुराचें वेतन रात्रभर अडकवून ठेवूं नये, हा जुन्या करारांतील नियम ज्यानें स्वतः मजुरीसाठीं वाट पाहिली आहे त्यास उपदेश वाटत नाहीं, आधार वाटतो.

हें विवरण छापील भाषेंत होत नव्हतें. पुस्तक पुण्याच्या मराठींत, श्रोता वऱ्हाडी बोलणारा. मधला पूल पाळक, उपदेशक, शाळामास्तर आणि घरोघर जाऊन स्त्रियांस वाचून दाखविणाऱ्या बायबलबाया यांनीं बांधला. नगरकडे कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनास वळण दिलें, ना. वा. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग व भजनें रचून मराठी उपासनेस देशी सूर दिला. बायबलाची भाषाच साध्या बाईच्या कानास पटेल अशी करावी, हा ध्यास पंडिता रमाबाईंनीं घेतला. हिब्रू व ग्रीक मुळांवरून त्यांनीं केलेलें भाषांतर त्यांच्या मृत्यूच्या वेळीं, १९२२ सालीं, पुरें झालें होतें. केडगांवच्या मुक्तिसदनांतून तें १९२४ सालीं बाहेर पडलें. एका विदुषीनें आयुष्याचीं अखेरचीं वर्षें या कामीं घालविलीं, यावरूनच छापील भाषा व घरची भाषा यांतील अंतर किती जाचत होतें तें दिसतें.

मग हें अंतर वऱ्हाडांत रोज कसें ओलांडलें जाई, याचा पुरावा कोठें शोधावा? मिशनांचे अहवाल इंग्रजींत आहेत व ते परदेशांतील वर्गणीदारांसाठीं लिहिलेले आहेत. त्यांत संख्या आहेत, बोल नाहींत. खरा पुरावा जुन्या ख्रिस्ती घरांतील पेट्यांत व फडताळांत असावयाचा. त्यांत संग्राहकांनीं पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावें. पहिली, उपदेशकांच्या टिपणवह्या. उपदेशाचीं टांचणें मोडींत असतील तर तीं रद्दी समजून टाकलीं जाण्याचा संभव अधिक. दुसरी, भजनांच्या हस्तलिखित वह्या. छापील उपासना संगीतांतील पाठाशीं त्या ताडून पाहिल्यास बोलीचे फरक हातीं लागतात. तिसरी, आणि माझ्या मतें सर्वांत मोलाची, कुटुंबाच्या बायबलाचीं कोरीं पानें व समास. जन्म, बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी अशा पानांवर करण्याची चाल प्रॉटेस्टंट लोकांत जुनी आहे. समासांतील रेघ, वचनाजवळ घातलेली तारीख, आजारपणाचा किंवा पेरणीचा उल्लेख, हीं लहानशीं चिन्हें होत. परंतु कोणतें वचन कोणत्या दिवशीं कोणाच्या उपयोगीं पडलें, हें दुसरें कोणतेंहि साधन सांगत नाहीं.

देशमुख-देशपांड्यांच्या वंशावळी आम्ही मोठ्या आस्थेनें छापतों, आणि तें योग्यच आहे. वतन होतें म्हणून वंशावळ राहिली. ज्या मुलांचें वतन नव्हतें व ज्यांचे आईबाप दुष्काळांत गेले, त्यांची वंशावळ आरंभ होते ती बहुधा अशाच एखाद्या पानावर. वर पूर्वज नाहींत, खालीं मात्र पुत्रपौत्र आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळीं नवें नांव घेतलें असेल आणि जुनें नांव, गांव कोणी शेजारीं टिपून ठेवलें असेल, तर त्या एका ओळीनें तुटलेला धागा जुळतो. असें पान फाडून पुस्तकास नवी बांधणी करणें म्हणजे ताम्रपट वितळवून भांडें करण्यासारखें आहे.

म्हणून सुचवावयाचें तें इतकें. असें बायबल मालकाच्या घरांतून हलवूं नये. तें त्या घरचें नित्यवाचनाचें पुस्तक आहे. त्याचीं लिहिलेलीं पानें मालकाच्या अनुमतीनें छायाचित्रित करावीं, मोडी मजकुराचें बालबोधांत लिप्यंतर करावें, छपाईचें साल, ठिकाण व संस्करण टिपावें, आणि खाजगी नोंदी घरच्यांच्या संमतीवांचून प्रसिद्ध करूं नयेत. ज्यांस मोडी वाचतां येते व घरचीं जुनीं माणसें कोण हेंहि सांगतां येतें, अशा व्यक्ति दर वर्षीं कमी होत आहेत. ऋद्धिपूरच्या पोथ्यांची उकल व्हावयास शतकें लागलीं. पण त्या जपणारे मठ होते. या पानांस मठ नाहीं. तीं ज्या फडताळांत आहेत तें फडताळ एकदां रिकामें झालें म्हणजे शोधावयास कांहीं उरणार नाहीं.