तळटीप १७ : ‘बार्ज’

१७. ‘बार्ज’ : स्लिंग्जबी टी-२१ या दोन आसनी लाकडी ग्लायडरचे ब्रिटिश कॅडेटांमधले लाडके नाव. यॉर्कशरमधील स्लिंग्जबी कारखान्यात ते घडले. टी-२१बी ही आवृत्ती १९४७ मध्ये प्रथम उडाली. पंखांचा विस्तार सुमारे १६.५ मीटर, लाकडी सांगाड्यावर प्लायवूड आणि कापड. ब्रिटिश हवाई दलाने ‘सेडबर्ग’ या नावाने ते एअर ट्रेनिंग कोअरच्या मुलांना उड्डाण शिकवायला वापरले.

उघड्या कॉकपिटमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी शेजारीशेजारी बसत. म्हणूनच वरच्या प्रसंगात शिक्षकाला हळू आवाजात सूचना देता येतात.

१९८०च्या दशकात फायबरग्लासची ग्लायडर आल्यावर हवाई दलाने ही निवृत्त केली. त्यांतली बरीच ग्लायडिंग क्लबांनी आणि हौशी वैमानिकांनी घेतली. काही अजूनही उडतात.