जखिऱ्याचे पाणी

रोह्याजवळच्या मेढे गावाच्या डोक्यावर, दाट रानात अवचितगड उभा आहे. गडावर चढून गेलात तर खडकात खोदलेली पाण्याची टाकी तुम्हांला दिसतील. ती पाहून कुणीही विचारील, मूठभर शिबंदीला इतक्या पाण्याची तरतूद कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळते. हा राजनीतीवरचा ग्रंथ इ. स. 1715 च्या सुमाराचा. अमात्य बजावतात की गडावर झरा आहे, पाणी पुरते आहे, एवढ्यावर स्वस्थ बसू नये. लढाई जुंपली की तोफांच्या हादऱ्यांनी झरे मंदावतात, आणि पाण्याची गरज नेमकी तेव्हाच वाढते. म्हणून दोन-चार टाकी जखिऱ्याची, म्हणजे राखीव साठ्याची, वेगळी ठेवावी आणि त्यांना एरवी हात लावू नये.

आता डोंगर उतरून पेणच्या खाडीकडे या. इथे खारे पाणी अडवून भातशेती केली गेली. बांध हाच तिचा प्राण. बांधाला एकदा खांड पडली की भरतीचे पाणी शिवारात शिरते आणि जमीन पुढे कित्येक हंगाम रुसते. म्हणून पेण-अलिबागकडे शिलोत्री नावाची वहिवाट होती. बांधाची दुरुस्ती शिलोत्रीदाराने पाहायची, आणि त्यासाठी कुळांनी जमिनीच्या मानाने ठरलेले भात काढून द्यायचे. त्या भाताला शिलोत्री मण म्हणत. ज्या वर्षी बांध धडधाकट असे, त्या वर्षी तो मण कुणाला जडही वाटला असेल. पण खांड पडल्यावर भात जमवायला निघणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणेच की!

तेव्हा राखणीचे हे दोन प्रकार झाले. एक संकटासाठी, दुसरी दुरुस्तीसाठी. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या मास्तरांनी हे सर्व आज कशासाठी काढले? तर या दोन्ही राखणी आज तुमच्या-आमच्या घरात आल्या आहेत, आणि आपल्याला त्यांचा पत्ता नाही.

हल्ली काही घरांत आणि शाळांत एक संगणक रात्रंदिवस चालू ठेवतात. सातबाराच्या प्रती, मुलांचे निकाल, लग्नाची छायाचित्रे, सारे त्यात साठवतात. याला घरगुती सर्व्हर म्हणतात. त्याकरिता 1 टेराबाइटची डिस्क आणावी, तर संगणक पुष्कळदा 931 च गीगाबाइट दाखवतो. मनुष्य चरफडतो, दुकानदाराने मापात मारले! पण तसे नसते. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि संगणक 1024 च्या पटीने. पूर्वी एका गावचा मण दुसऱ्या गावच्या मणाशी जुळत नसे, त्यातलाच हा प्रकार.

खरी राखीव जागा याहून वेगळी. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कमध्ये काही कप्पे मुळातच शिल्लक ठेवलेले असतात. वापरातला एखादा कप्पा खराब झाला की डिस्क गुपचूप त्याच्या जागी शिलकीतला कप्पा लावते. एसएसडी नावाच्या साठवणीत तर ही गरज जास्तच. तिथे जुने लिहिलेले आधी गठ्ठ्याने पुसावे लागते, मगच नवे लिहिता येते, आणि पुसण्याने कप्पे झिजतात. 128 गीगाबाइट म्हणून विकलेल्या एसएसडीत बहुधा सुमारे 7 टक्के जागा जास्त असते, ती ग्राहकाला दिसत नाही. हा झाला आजचा शिलोत्री मण!

जखिऱ्याचे पाणी ठेवते ती संगणकाची व्यवस्था. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात मॅक्युझिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी 1984 मध्ये साठवणीच्या एका नव्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. डिस्क काठोकाठ भरली की कामाचा वेग कोसळतो, हे त्यांनी दाखवून दिले, आणि काही जागा मोकळी राखण्याची सोय केली. ती साधारणतः 10 टक्के असे. पुढे 1993 मध्ये लिनक्ससाठी आलेल्या एक्स्ट-टू पद्धतीत 5 टक्के जागा राखीव धरली गेली. ही जागा सामान्य वापराला मिळत नाही. डिस्क भरून गेली तरी यंत्राच्या व्यवस्थापकाला आत शिरून सफाई करता यावी, नोंदी लिहिता याव्यात, म्हणून ती ठेवतात. झरा आटला तरी टाके भरलेले!

मग ही जागा मोकळी करून घ्यावी काय? 4 टेराबाइटच्या डिस्कवर 5 टक्के म्हणजे 200 गीगाबाइट, मोह होणारच. ज्या डिस्कवर नुसती छायाचित्रे ठेवायची तिथे हे प्रमाण 1 टक्क्यावर आणले तर फारसे बिघडत नाही. पण ज्या डिस्कवर संगणकाची मूळ व्यवस्था आहे, तिथला जखिरा मोडू नका. आणि दोन डिस्कांची जोडी एकमेकींची नक्कल म्हणून चालवत असाल, तर दोन्हींवर थोडी जागा सोडाच. उद्या एक बिघडून नवी आणलीत आणि ती केसभर लहान निघाली, तर जोडी जमत नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुलै 1989 मध्ये अंबा नदीच्या पुराने रोहा तालुक्यातल्या नागोठण्यात हाहाकार केला. असे पाणी घरात शिरले की कागद आणि डिस्क यांत ते भेद करीत नाही. राखीव जागा झीज आणि दाटी यांपासून वाचवते, पुरापासून नव्हे. त्यासाठी दप्तराची दुसरी प्रत दुसऱ्या गावी, उंचावरच्या घरी असली पाहिजे. गडकऱ्याने टाके जपले आणि बांध शिलोत्री मणावर टिकले. शाळेचे दप्तर जपायची पाळी आता तुमची आहे.